मोडीत निघालेली वर्कस्टेशन आणि त्यांना जमणारी कामे

वर्कस्टेशन म्हणजे एकट्या माणसाने बसून वापरायचा, पण साध्या संगणकापेक्षा कितीतरी दणकट संगणक. इमारतींचे आराखडे, यंत्रांच्या भागांची रेखाटने, उपग्रहाची छायाचित्रे, सिनेमातली त्रिमिती दृश्ये असली जड कामे त्याच्यावर चालतात. १९८२ मध्ये स्थापन झालेली सन मायक्रोसिस्टिम्स आणि त्याच सुमारास निघालेली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांनी ही यंत्रे जगभर रुजवली. त्यांचे प्रोसेसर वेगळ्या घडणीचे, ऑपरेटिंग सिस्टीम युनिक्सच्या घराण्यातली आणि किंमत लाखांच्या घरात. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये उभारलेला परम १०००० हा महासंगणकही सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालणारी यंत्रे एकमेकांना जोडूनच तयार झाला होता.

पुढे इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरांनी ही मक्तेदारी मोडली. सिलिकॉन ग्राफिक्सने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. युनिक्सच्या जमान्यातल्या त्या मूळ यंत्रांना आज संग्रहालयाबाहेर फारसे काम उरलेले नाही. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि चालू काळातले ब्राउझरही त्यांच्यावर चालत नाहीत. बाजारात 'जुने वर्कस्टेशन' म्हणून जे मिळते ते डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेड किंवा लेनोवोचे थिंकस्टेशन असते. आत झिऑन प्रोसेसर, चुका सुधारणारी ईसीसी रॅम, मोठा पॉवर सप्लाय आणि दोन माणसांनी उचलावे असे वजन.

ही यंत्रे बिघडून मोडीत निघत नाहीत. मोठ्या कंपन्या ती ठरावीक वर्षांनी बदलतात, मग काम चालत असो वा नसो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. २०१२ सालचा झिऑन आजही ठणठणीत चालतो, पण त्या यादीत त्याचे नाव नाही.

नांदेड जिल्ह्यातले देगलूर अशा यंत्रांच्या वाटेवर आहे. अकोला, नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावाला थेट हैदराबादच्या दिशेने जोडतो. हैदराबादेत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि शेजारी सिकंदराबादेत चिनॉय ट्रेड सेंटरचा संगणक बाजार. तालुक्यात आधीपासून साठलेली यंत्रे वेगळीच. 'संग्राम' प्रकल्पातून २०११ नंतर ग्रामपंचायतींमध्ये संगणक आले, शाळांना शासकीय योजनांतून संगणक कक्ष मिळाले. ती यंत्रे वर्कस्टेशन नव्हेत, साधे डेस्कटॉप. पण दोन्ही प्रकारांना काम शोधायचे तर एकत्रच शोधावे लागते, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

शासकीय यंत्राला हात लावण्याआधी कागद पाहावा लागतो. संगणक डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला असतो आणि निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याशिवाय तो विकता, वाटता किंवा खोलताही येत नाही. त्यामुळे कपाटामागे प्लॅस्टिकची खोळ घातलेले संगणक वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे वाटोळे बहुधा तिथेच होते: आत धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेले कपॅसिटर.

खोलल्यावर दिसणारे दोष मात्र बऱ्याचदा किरकोळ निघतात. यंत्र सुरू होते, पण तारीख दहा-पंधरा वर्षे मागे दिसते, आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगून उघडायला नकार देतो. अशा वेळी इंटरनेटला किंवा विंडोजला दोष दिला जातो. खरा दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलमध्ये असतो. तो संपला की वीज जाताच घड्याळ मागे जाते, आणि संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. सेल बदलावा, ब्लोअरने धूळ उडवावी, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावावी आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. यातला शेवटचा बदल एकटाच जुन्या यंत्राला पुन्हा माणसात आणतो. रॅम घेताना मात्र जपावे. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते आणि दिसायलाही तशीच असते, पण साध्या डेस्कटॉपच्या बोर्डात ती चालत नाही.

काम शोधताना 'हे यंत्र आणखी काय काय करू शकेल' असा विचार केला तर यादी लांबते आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा जी कामे स्वतःच जागची हललेली नाहीत, ती आधी पाहावीत. मराठी मुलखातले त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डीटीपी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, स्मरणिका, ग्रामपंचायतीचे अहवाल यांच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये अडकलेल्या आहेत. हे फाँट युनिकोडचे नाहीत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. ती फाइल फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. देगलूरच्या बाजारात मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही ऐकू येते. तीन लिप्यांची पत्रिका जुळवायची तर गुंता तिप्पट होतो.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या काळातल्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचे हार्डवेअर कुलूप लागे. त्यातली जुनी डोंगल पॅरलल पोर्टला बसतात, आणि नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो. म्हणून विंडोज एक्सपी असलेले जुने यंत्र डीटीपीवाल्याला सोडवत नाही, आणि त्यात काही वावगे नाही. फक्त दोन पथ्ये हवीत. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे, तेव्हा ते यंत्र इंटरनेटला जोडू नये. आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत डिस्क चालू आहे तोवरच काढून ठेवावी. रोज लागणारा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणणे हा कायमचा उपाय, पण पंचवीस वर्षांच्या फायली एका हंगामात आणता येत नाहीत.

वजनकाट्यावरही असेच घडते. काट्याचा इंडिकेटर ट्रॅक्टरचे वजन नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून संगणकाला कळवतो, आणि कार्बन लावलेली पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. जुन्या व्यावसायिक यंत्रांच्या मागे हे पोर्ट अजून शाबूत असतात. नव्या संगणकाला यूएसबीचा तुकडा जोडून काम भागते, पण सोयाबीनची रांग लागलेली असताना तो तुकडा रुसला तर काय होते ते काटेवाल्यालाच विचारावे. इथे जुने यंत्र सरस ठरते.

वर्कस्टेशनची खरी ताकद शाळेत उपयोगी पडते. १९९९ पासून चालत आलेल्या एलटीएसपी या मुक्त लिनक्स प्रणालीत एक दणकट यंत्र सर्व्हर होते आणि मुलांसमोरचे संगणक नेटवर्कवरून त्याच्याकडून ऑपरेटिंग सिस्टीम उचलतात. त्यांना स्वतःची हार्डडिस्क लागत नाही. म्हणजे डिस्क गेलेले शाळेचे जुने डेस्कटॉप आणि हैदराबादहून आलेले एक झिऑन यंत्र यांची मोट बांधून पूर्ण कक्ष उभा राहतो. देखभाल एकाच यंत्राची करावी लागते. किविक्सवर इंटरनेटशिवाय चालणारा मराठी विकिपीडिया आणि बालभारतीची मोफत उतरवून घेता येणारी पाठ्यपुस्तके त्याच सर्व्हरवर ठेवता येतात. त्यामुळे लाइन आहे पण नेट नाही, अशा दिवशीही तास होतो. शाळा मुक्त प्रणालीवर चालू शकतात हे केरळने पूर्वीच दाखवले आहे. सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची ठेवायला कोहा ही मुक्त प्रणाली आहे. लहान संग्रहासाठी तिला दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉपही पुरतो आणि ती देवनागरीत शोध घेते.

विजेचा हिशेब मात्र आधी मांडावा. जुने वर्कस्टेशन नुसते बसून राहिले तरी शंभर वॅटच्या आसपास वीज खाते. शाळेत रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालवले तर २० युनिट होतात, हे परवडते. तेच फायली साठवायला किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण ठेवायला रात्रंदिवस चालू ठेवले तर महिन्याला ७२ युनिट लागतात, आणि पंधरा वॅटचे छोटे यंत्र तेच काम ११ युनिटांत करते. फुकटात मिळालेले यंत्र वर्ष-दोन वर्षांत नव्यापेक्षा महाग पडते ते असे. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर ही गोष्ट आणखी लवकर कळते.

ज्यांना कोणतेच काम जमत नाही त्यांचे भाग काढून ठेवावेत: रॅम, पंखे, पॉवर सप्लाय, केबली. उरलेले भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. जुन्या मॉनिटरच्या काचनळीत शिसे असते, आणि सर्किट बोर्डावरचे सोने-तांबे काढायला उघड्यावर बोर्ड जाळले जातात किंवा आम्लात बुडवले जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पुनर्वापर करणाऱ्यांना आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. एखाद्या शाळेचे चार मॉनिटर न्यायला असा नोंदणीकृत व्यावसायिक ऐंशी किलोमीटरवरच्या नांदेडहूनही येणार नाही. तालुक्यातल्या शाळा आणि ग्रामपंचायतींनी निर्लेखन एकाच वेळी करून माल एकत्र केला, तर गाडीभर होतो.

यंत्र हातून जाण्याआधी डिस्क पुसावी लागते. फाइल डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट मारल्याने मजकूर जात नाही; साध्या सॉफ्टवेअरनेही तो परत निघतो. ग्रामपंचायतीच्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक, बँकखाती, दाखले असतात. हार्डडिस्कवर पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहावीत, आणि डिस्क चालूच होत नसेल तर ती खोलून आतल्या चकत्यांना ड्रिलने भोके पाडावीत.