बेडकांच्या समूहगानातील ध्वनिसंवाद : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात बेडकांच्या आवाजाला गुरूमागून म्हणणाऱ्या शिष्याची उपमा दिली आहे. एकाच्या आवाजाला दुसऱ्याने प्रतिसाद द्यावा, हे प्राचीन निरीक्षण आधुनिक ध्वनिअभ्यासाशी मिळतेजुळते आहे. पन्हाळा, राधानगरी या पावसाळी प्रदेशात ऐकू येणाऱ्या समूहगानाचे स्वरूप व अभ्यासाचे महत्त्व स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ध्वनिनिर्मिती : नर बेडूक तोंड व नाकपुड्या मिटून फुफ्फुसातील हवा स्वरयंत्रातून गळ्याखालील स्वरकोशात ढकलतो व तीच हवा पुन्हा वापरतो. प्रत्येक जातीच्या हाकेची वारंवारता व लय वेगळी असते. तीवरून मादी स्वजातीय नर ओळखते.

समूहगानाची रचना : अनेक नर एकाच वेळी ओरडल्यास हाका परस्परांत बुडून जातात. म्हणून अनेक जातींत शेजारचे नर आळीपाळीने हाका देतात, तर भिन्न जाती वारंवारता, जागा किंवा वेळ वाटून घेतात. हाक देण्यात पुष्कळ ऊर्जा खर्च होते व भक्षकही आकर्षित होतात; मात्र गप्प राहिल्यास जोडीदार मिळत नाही. समूहगान हे या अर्थाने सहकार्य नसून स्पर्धेतून निर्माण झालेली शिस्त होय.

महाराष्ट्रातील संशोधन : सातारा जिल्ह्यात कोयनेजवळील हुंबरळी येथे सत्यभामा दास बिजू व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ या बेडकाचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मादीही हाक देते, असे आढळले. त्यामुळे नर बोलतो व मादी केवळ ऐकते, ही समजूत अपुरी ठरते.

अभ्यासपद्धती : ध्वनिमुद्रण करताना स्थळ, वेळ, पाऊस व तापमान नोंदवणे आवश्यक आहे. बेडूक शीतरक्ताचे असल्याने तापमानानुसार हाकेची गती बदलते. ही नोंद नसल्यास दोन मुद्रणांची तुलना फसवी ठरते. त्यानंतर संगणकावर ध्वनिआलेख काढून हाकांचे पृथक्करण करता येते.

निष्कर्ष : वाहनांचा आवाज प्रामुख्याने कमी वारंवारतेचा असल्याने खर्जातील हाका त्यात झाकल्या जातात. डबकी बुजवल्यास प्रजननाची जागाच नाहीशी होते. एखादी जात दिसेनाशी होण्यापूर्वी तिचा आवाज विरळ होऊ शकतो. महाविद्यालयांनी ठराविक पाणवठ्यांवर दरवर्षी ध्वनिमुद्रण केल्यास हा बदल वेळीच लक्षात येईल. त्यासाठी आज ऐकू येणाऱ्या आवाजांची नोंद आजच होणे अगत्याचे आहे.