जुन्या घरांतील शिसेयुक्त रंग आणि बालकांचे आरोग्य : निदानपरिवर्जनाचा विचार

पांडुता, मलावष्टंभ, उदरशूल, अरुची, चिडचिडेपणा आणि माती खाण्याची सवय अशी लक्षणे असलेली दोन ते पाच वर्षांची बालके प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मृद्भक्षणजन्य पांडूचे स्वतंत्र वर्णन आलेले असल्याने आपले लक्ष साहजिकच कृमी, अग्निमांद्य व रक्तक्षय यांकडे जाते आणि कृमिघ्न, दीपन-पाचन व मंडूर-लोहयुक्त कल्पांची योजना केली जाते. ही दिशा चुकीची नाही. परंतु बालक जी ‘माती’ तोंडात घालते ती नेमकी कशाची, हा प्रश्न अनेकदा विचारायचा राहून जातो. अंगणातील माती निराळी आणि जुन्या खिडकीच्या चौकटीवरून सुटलेला ऑइलपेंटचा पोपडा निराळा. या पोपड्यात शिसे, म्हणजे आपल्या परिभाषेतील नाग, असण्याचा दाट संभव असतो. असे असेल तर घर तसेच ठेवून केलेली चिकित्सा निष्फळ ठरते.

रंगात शिसे कोठून आले?

पूर्वी रंगकामात सफेदा म्हणून वापरला जाणारा पांढरा पदार्थ पुष्कळदा शिशाचे कार्बोनेट असे. लोखंडी गजांना व कठड्यांना गंज चढू नये म्हणून शेंदूर, म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, प्रथम लावीत. भडक पिवळ्या, नारिंगी व हिरव्या छटांसाठी लेड क्रोमेट वापरले जाई. त्यामुळे रंग टिकाऊ होई, चकाकी राही व तो लवकर वाळे.

या रंगाचा बालकांना होणारा अपाय ही नवी वार्ता नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच घरांच्या रंगवलेल्या कठड्यांकडे व भिंतींकडे बोट दाखवून बालकांतील शिसेविषबाधेचे कारण सांगितले होते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले व एका वर्षाने अमलात आले. म्हणजेच त्यापूर्वी रंगवलेल्या घराविषयी निःशंक राहता येत नाही. नवा नियम जुन्या भिंतीवरचा थर काढून टाकीत नाही. त्यावर नवा रंग चढला तरी खालचा थर तसाच राहतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. जुन्या वाड्यांच्या व चाळींच्या भिंती बहुधा चुन्याने पांढऱ्या केलेल्या असत आणि चुन्यात शिसे नसते. धोका प्रामुख्याने दारे, खिडक्या, चौकटी, गज, जिन्याचे कठडे, लाकडी खांब आणि ऑइलपेंटचे पट्टे यांत असतो. दार-खिडकी उघडताना व मिटताना घर्षण होऊन रंगाची सूक्ष्म धूळ झडते. पोपडा डोळ्यांना दिसतो, धूळ दिसत नाही. रांगणाऱ्या बालकाचे हात जमिनीवर आणि मग तोंडात, हा क्रम दिवसभर चालू असतो.

अल्प मात्रा, दीर्घ परिणाम

गिळलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान बालकात हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. लोह व कॅल्शियम यांची न्यूनता असल्यास, तसेच पोट रिकामे असल्यास शोषण आणखी वाढते. म्हणजे जे बालक आधीच पांडुग्रस्त, तेच अधिक शिसे ग्रहण करते.

मात्रेची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहू. रंगात एक टक्का शिसे असेल, तर १०० मिलिग्रॅम वजनाच्या पोपड्यात १००० मायक्रोग्रॅम शिसे असते. बारा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात रक्त सुमारे ९०० मिलिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात रक्तातील शिसे ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा असे सांगितले आहे. या बालकाच्या संपूर्ण रक्तात मिळून ही मात्रा केवळ ४५ मायक्रोग्रॅम भरते. चिमूटभर पोपडा किती अनर्थ करू शकतो हे यावरून स्पष्ट व्हावे. शिवाय शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून ज्ञात नाही. बुद्धी, अवधान व वर्तन यांवर होणारा परिणाम पुष्कळदा कायमचा असतो आणि बाह्य लक्षणे नसतानाही तो घडतो.

शिसे अस्थींमध्ये साठते, तेथे कित्येक वर्षे राहते आणि गर्भावस्थेत व स्तन्यकाळात अस्थींतून पुन्हा रक्तात उतरू शकते. हे वाचताना दूषीविषाच्या संकल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ही दोन्ही एकच आहेत असा आमचा आग्रह नाही; परंतु अल्पवीर्य विष शरीरात दीर्घकाळ दडून अनुकूल काळी प्रकट होते, हा विचार आपल्या शास्त्राला अपरिचित नाही.

चिकित्सालयात काय करावे?

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण बोलके आहे. तीन वर्षांच्या एका मुलाला पांडू व मलावष्टंभासाठी आणले होते. तो माती खातो का, या प्रश्नाला आईने ठाम नकार दिला. सोबत आलेल्या आजी मात्र म्हणाल्या, ‘माती नाही खात हो, खिडकीत बसून गज चाटत असतो.’ रक्ततपासणीत शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले. कुटुंब जुन्या वाड्यात भाडेकरू; वाडा पाडून नवी इमारत होणार म्हणून मालक खर्च करण्यास नाखूष आणि दुसरीकडे जाण्याची कुटुंबाची ऐपत नाही. मुलाची झोपण्याची जागा खिडकीपासून हलवली, गजांवर व चौकटीवर जाड प्लास्टिक घट्ट बसवले आणि रोज ओल्या फडक्याने फरशी पुसण्यास आरंभ केला. काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत प्रमाण उतरलेले दिसले. घर सोडता आले नाही तरी निदानाचे परिवर्जन बऱ्याच अंशी करता येते, हे यातून दिसते.

म्हणून प्रश्नपरीक्षेत पुढील चौकशी अवश्य असावी : घर किती जुने? रंग कोठे सुटला आहे? बालक काय चाटते, कुरतडते? घरात वा शेजारी नुकतेच रंगकाम अथवा तोडफोड झाली का? घरातील कोणी रंगकाम, बॅटरी वा ओतकाम करते का? घरात कोणता सुरमा, शेंदूर वा रसौषधी वापरात आहे? शंका आल्यास शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करवावी. बोटाला लागलेल्या धुळीमुळे बोटाच्या रक्ताचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो. प्रमाण ४५ वा त्याहून अधिक असल्यास, अथवा वारंवार छर्दी, आक्षेप वा मोह ही लक्षणे असल्यास, बालकास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. तेथील कीलेशन चिकित्सेला आपला चूर्ण-काढा हा पर्याय नव्हे.

लोहन्यूनता सिद्ध असेल तेथे लोहाची योजना करावी. नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या, आवळा यांनी युक्त व वेळेवर दिलेला आहार शोषण कमी करण्यास साहाय्य करतो. मात्र अशा बालकास नागघटित कल्प मुळीच देऊ नये. ‘शरीरातील शिसे काढून टाकणारे औषध’ असा दावा पुराव्यावाचून करणे हे रुग्णाशी व शास्त्राशीही अप्रामाणिकपणाचे होय.

पालकांना द्यावयाच्या सूचना

१. सुटलेला रंग कोरडा खरवडू नये, पॉलिश पेपरने घासू नये व जाळू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला कचरा बांधून टाकावा; तो कुंडीत वा परसात टाकू नये.

२. दसरा-दिवाळीपूर्वीच्या रंगकामात बालके व गर्भिणी यांना काम व सफाई पूर्ण होईपर्यंत अन्यत्र ठेवावे.

३. कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने फरशी व खिडकीची कड पुसावी. जेवणापूर्वी व झोपण्यापूर्वी बालकाचे हात धुवावेत, नखे कापावीत, खेळणी धुवावीत.

४. पाडलेल्या वाड्याची रंगवलेली दारे व तुळया बंबात वा चुलीत जाळू नयेत. धुरात व राखेत शिसे उतरते. त्या राखेने भांडी घासणे तर सर्वथा वर्ज्य करावे.

५. रंगारी बांधवांनी कामाचे कपडे बदलून व हातपाय धुऊन मगच मुलांना जवळ घ्यावे.

६. नवा रंग घेताना डब्यावरील शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख पाहावा. औद्योगिक वापराचा रंग घरात आणू नये, कारण वरील नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत.

औषधशाळेच्या मालकांस

हा विषय केवळ रुग्णाच्या घराचा नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीत १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि आपल्या शास्त्राला जगभर उत्तर द्यावे लागले. रसकल्पांचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी केवळ वनस्पतिज चूर्णातही बाहेरून शिसे मिसळू शकते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर, पोपडे सुटलेल्या कठड्याखाली आपण वनस्पती वाळवतो का? काढ्याच्या भट्टीला जुन्या दारांचे स्वस्त लाकूड वापरतो का? चाळण्या, कुट्टीयंत्रे यांवरील जुना रंग खवले धरून चूर्णात पडतो का? हे तिन्ही प्रश्न अल्प खर्चात सुटणारे आहेत. वनस्पतिज औषधात शिशाची मान्य मर्यादा १० पीपीएम आहे. प्रत्येक घाण्याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

वैद्यबंधूभगिनींनो, बालकाची नाडी, जिव्हा व मल पाहतो तशीच त्याची खिडकीही पाहण्याची सवय आपण लावून घेऊ या. जुन्या पेठांतील व चाळींतील कुटुंबांचा विश्वास आजही वैद्यावर आहे. त्यांच्या दारापर्यंत ही माहिती आपणच सहज पोहोचवू शकतो. येत्या दिवाळीपूर्वीच्या रंगकामाआधी वरील सूचना आपापल्या चिकित्सालयाच्या फलकावर लावाव्यात, ही सर्वांस नम्र विनंती.