सवलत आणि तरतूद : एक अर्थविचार

राज्यकर्त्यांकडे दीर्घकालीन राष्ट्रीय धोरण मागणारे तरुण कामठीस नवे नाहीत. बाबू हरदास (१९०४–१९३९) येथलेच. ऑगस्ट १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नागपुरास भरलेल्या दलित वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेत ते सव्विसाव्या वर्षी सहभागी झाले. भावी राज्यघटनेत संरक्षक तरतुदी असाव्यात, असा तेथे आग्रह होता. येथे शब्दभेद ध्यानी घ्यावा. दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले. ‘सवलत’ म्हणजे मुळात सुलभता, ‘तरतूद’ म्हणजे खटपट, काळजी. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. घटनेतील तरतूद त्याच्यामागून येणाऱ्या सत्ताधाऱ्यासही बांधते. शिक्षण वा रोजगार यांविषयी आजचे तरुण जे मागतात, त्याची परीक्षा याच भेदावरून करावी.