अहवाल येईपर्यंतचे दिवस

तपासणीसाठी गाठीचा लहानसा तुकडा काढला जातो, पावती हातात पडते आणि ‘आठ दिवसांनी या’ असे सांगितले जाते. या आठ दिवसांना वैद्यकशास्त्रात वेगळे नाव नाही. माणूस अजून रुग्ण ठरलेला नसतो, आणि निरोगी असल्याचा विश्वासही त्याच्याजवळ उरलेला नसतो. धर्मग्रामात रुग्णभेटीस जाणाऱ्या आम्हा मंडळींना अनेकांनी सांगितले आहे की, शस्त्रक्रियेचे दिवस परवडले, पण त्याआधीची ही वाट पाहणे नको. ते आम्हाला पटते. शस्त्रक्रियेला तारीख असते, डॉक्टर असतात, भेटायला येणारी माणसे असतात. या दिवसांत मात्र माणूस एकटाच आपल्या कल्पनेच्या हवाली झालेला असतो.

त्यातच एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे: अहवालाला उशीर लागला, म्हणजे काहीतरी गंभीर सापडले असणार. ती कितपत खरी आहे हे कळण्यासाठी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे उपयोगी ठरेल.

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलीनच्या द्रावणात ठेवतात. तो कुजू नये व पेशींची रचना जशीच्या तशी टिकावी, यासाठी हे द्रावण आतपर्यंत मुरावे लागते. स्तनातील गाठीच्या नमुन्यासाठी तर किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास अशी मुदतच ठरवून दिलेली आहे. घाई केल्यास पुढच्या चाचण्या विश्वासार्ह राहत नाहीत. त्यानंतर अल्कोहोलच्या साहाय्याने तुकड्यातील पाणी काढून टाकतात, वितळलेले मेण त्यात मुरवतात आणि मेणाच्या छोट्या ठोकळ्यात तो बसवतात. (वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत आपण मेणाचे हात, पाय अर्पण करतो, प्रयोगशाळेतही आपल्या देहाचा अंश मेणातच विसावतो, हा योगायोग आम्हाला नेहमी विलक्षण वाटतो.) या ठोकळ्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढले जातात. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कापाच्या पातळपणाची कल्पना यावी. हे काप काचपट्टीवर घेऊन रंगवले जातात आणि मग कुठे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतात. नमुन्यात हाड असेल, तर ते आधी आम्लात मऊ करावे लागते व त्यात आणखी काही दिवस जातात. पेशींचा नेमका प्रकार ठरवण्यासाठी विशेष रंगप्रक्रिया लागली किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावेसे वाटले, तरी मुदत वाढते. अशा वाढीव तपासण्या निरुपद्रवी गाठीची खात्री करून घेण्यासाठीही केल्या जातात.

क्षयरोगाच्या तपासणीत तर विलंबाचा अर्थ जवळजवळ उलटा असतो. जीन-एक्सपर्ट यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. परंतु थुंकीतील जंतू वाढवून पाहायचे असतील, तर धीर धरावा लागतो. कारण क्षयाच्या जंतूला एकाचे दोन होण्यास सुमारे एक दिवस लागतो. द्रव माध्यमात ठेवलेला नमुना ४२ दिवस पाहिल्यावरच ‘जंतू वाढले नाहीत’ असे लिहून देता येते. जंतू असतील, तर ते बहुधा त्याआधीच दिसतात. म्हणजे पाचव्या आठवड्यात अजून निरोप नाही म्हणून ज्याची झोप उडाली आहे, त्याच्या बाबतीत तो निरोप नसणे हे पुष्कळदा चांगलेच चिन्ह असते!

रक्ततपासणीच्या कागदावरील ठळक अक्षरांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. तेथे छापलेली सामान्य मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते की, १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे तीत बसावेत. उरलेले पाच जणही निरोगीच असतात. आता एखाद्या निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता गणिताने सुमारे ६४ टक्के येते. ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे स्वस्त पॅकेज घेऊन घाबरलेली जी माणसे आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही आधी हे गणित सांगतो व मग डॉक्टरांकडे पाठवतो. त्या आकड्याचा अर्थ माणसाला तपासून पाहणारा डॉक्टरच लावू शकतो.

एवढे समजले तरी भीती जाते असे नाही, कारण भीतीला देहाचीही साथ असते. मन धास्तावले की छाती धडधडते, श्वास उथळ व जलद होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, पोट बिघडते. ही सारी भीतीची लक्षणे. परंतु घाबरलेला माणूस ती आजाराच्या खाती जमा करतो. मानेवरची गाठ दिवसातून वीस वेळा चाचपली, तर ती जागा दुखू लागणारच. आणि ती दुखू लागली की ‘काल दुखत नव्हती, आज दुखते’ हा नवा पुरावा तयार होतो. रात्री मोबाईलवर शोध घेणाऱ्याचेही असेच होते. त्याने विचारलेल्या लक्षणाची शंभर साधी कारणे असली, तरी नजर खिळते ती एका भयंकर कारणावरच.

येथे घरच्या माणसांचाही वाटा असतो, तोही प्रेमापोटी. ‘काही होणार नाही, तू उगाच काळजी करतोस,’ हे वाक्य ऐकले की तासभर बरे वाटते. मग शंका परत येते व तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८६ साली हे दुष्टचक्र स्पष्ट करून मांडले: वारंवार दिलेले आश्वासन घटकाभर शांत करते, पण विचारण्याची गरज वाढवत नेते. शिवाय ते आश्वासन देणाऱ्यालाही खरे काय ते ठाऊक नसते, हे रुग्ण ओळखून असतो. त्यापेक्षा ‘तुला भीती वाटते आहे हे मला दिसते. काय निघेल ते मलाही ठाऊक नाही. बुधवारी मी तुझ्याबरोबर येईन,’ असे म्हणावे. यात खोटे काहीच नाही आणि आधार मात्र खरा आहे.

भीतीचे एक रूप आम्हाला अधिक चिंताजनक वाटते. काही जण तपासणी करून घेतात आणि अहवाल आणायलाच जात नाहीत. काही जण गाठ लक्षात येऊनही ‘सण होऊ दे, लग्न होऊ दे’ म्हणत महिने घालवतात. कागद आणला नाही म्हणून आजार थांबत नाही. लवकर उपचाराची संधी तेवढी निसटते. काही घरांत अहवाल येतो, पण तो रुग्णापासून लपवला जातो. घरातली कुजबुज, अचानक वाढलेले लाड, दार लावून केलेले फोन यांवरून रुग्ण सारे ताडतो; आणि मग त्याला आपल्या भीतीविषयी बोलायलाही कोणी उरत नाही.

या संदर्भात पोप दुसरे जॉन पॉल यांचे उदाहरण स्मरणीय आहे. त्यांनी १३ मे १९९२ रोजी जागतिक रुग्णदिनाची स्थापना केली. तो दरवर्षी ११ फेब्रुवारीस पाळला जातो. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ जुलैच्या रविवारी देवदूताच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या भाविकांना त्यांनी स्वतःच सांगितले की, आज संध्याकाळी आपण काही तपासण्यांसाठी जेमेली रुग्णालयात जात आहोत. आणि प्रार्थनेची विनंती केली. १५ जुलै रोजी त्यांच्या आतड्यातील मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. तपासणीला जाताना अहवाल काय येईल हे ठाऊक नसते. तरीही जगभरच्या ख्रिस्तसभेच्या प्रमुखाला ती गोष्ट झाकून ठेवावीशी वाटली नाही. आपण मात्र शेजारच्या घरापासूनही लपवतो, आणि लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनेत ‘एका खास हेतूसाठी’ एवढेच म्हणतो.

‘श्रद्धा असती तर एवढी भीती वाटली नसती,’ असे बोलणारेही भेटतात. संत पौलाने फिलिप्पैकरांस चिंता न करण्याविषयी लिहिले, ते वचन अशा वेळी रुग्णाच्या तोंडावर फेकले जाते. त्याच वाक्यात पौल मागणे देवापुढे मांडायला सांगतो, हे मात्र विसरले जाते. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता, पुढ्यात आलेला प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली होती. तिथे त्याने शिष्यांकडे उपदेश मागितला नाही. आपल्याबरोबर एक तास जागे राहा, एवढीच त्याची अपेक्षा होती. आणि तेवढेही त्यांना जमले नाही. अहवालाची वाट पाहणाऱ्याच्या घरी जाणाऱ्यांनी हा प्रसंग आधी वाचून जावे, असे आम्ही सुचवतो. जपमाळ म्हणावी, चहा घ्यावा, गप्प बसावे लागले तर बसावे. नात्यातल्या कोणाला असेच झाले होते व तो तीन महिन्यांत गेला, ही हकीकत सांगू नये. (ती सांगितली जाते, म्हणून लिहावे लागते.)

रुग्णाभ्यंगाबाबतही गैरसमज आहे. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे शेवट जवळ आला, असे समजून घरचे घाबरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच उपासनाविषयक प्रबंधात स्पष्ट केले की, हा संस्कार केवळ मृत्युशय्येवरील माणसासाठी नाही. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर तिच्याआधी तो घेणे उचितच होय. साध्या तपासणीसाठी संस्काराची गरज नसते; तेव्हा आशीर्वाद व प्रार्थना मागता येते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. नमुना देतानाच विचारून ठेवावे: अहवाल कोणत्या दिवशी, कोण सांगणार, आणि त्या दिवशी आला नाही तर कोणाला फोन करायचा? तारीख ठाऊक असली की रोजची वाट थांबते. रक्तस्राव, तीव्र ताप, धाप लागणे असे काही झाले, तर मात्र अहवालासाठी न थांबता डॉक्टरांना कळवावे. काळजीला दिवसातली अर्ध्या तासाची वेळ नेमून द्यावी. एरवी विचार आला तर ‘संध्याकाळी सहाला’ म्हणून त्याला पुढे ढकलावे. हे पोरकट वाटते, पण पुष्कळांना जमते. शेतवाडी, कचेरी, स्वयंपाक चालू ठेवावा. रात्री श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा.

अहवाल चांगला येऊनही धास्ती सुटत नसेल, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फेऱ्या सहा-सहा महिने चालूच राहत असतील, तर तो स्वतंत्र आजार मानला जातो व त्यावर समुपदेशनाचे व औषधांचे उपचार आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनाशुल्क बोलता येते.

राहिला प्रश्न कागद उघडण्याचा. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी एकट्याने पाकीट फोडू नये. मोबाईलवर आलेला अहवालही शक्यतो डॉक्टरांसमोरच वाचावा. त्यातले शब्द फसवे असतात. ‘निगेटिव्ह’ म्हणजे बहुधा शोधलेली वाईट गोष्ट सापडली नाही. मॅमोग्राफीच्या अहवालातील ‘बायरॅड्स ४’ हा आकडा पाहून कर्करोगाची चौथी अवस्था समजून कोसळलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. त्याचा अर्थ एवढाच की, तुकडा काढून तपासणे आवश्यक आहे. ‘३’ असेल तर कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते व सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ‘०’ म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी एखादी तपासणी हवी. सोबतच्या माणसाने वही-पेन न्यावे. कारण डॉक्टरांचे पहिले वाक्य कानी पडल्यावर पुढचे काही रुग्णाच्या ध्यानात राहत नाही.