दहा सेंटिमीटर आले कुठून?

रायफलीवर दुर्बीण बसते ती दोन कड्यांत. कड्यांमधलं अंतर साधारण 10 सेंटिमीटर. समजा, त्यातलं मागचं कडं केसाच्या जाडीएवढं, म्हणजे 0.1 मिलिमीटर, बाजूला सरकलं. दुर्बीण हजारात एक एवढी तिरपी झाली. नेमबाज नेहमीसारखीच दुर्बिणीतली फुली लक्ष्याच्या मधोमध ठेवणार आणि 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला लागणार. हे साधं शाळेतलं त्रैराशिक आहे. तरी दर वेळी मांडलं की मी थक्क होतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही एवढा फरक, आणि तिकडे हातभर कागदावर भोक पार दुसरीकडे!

रायफल रोज तेवढीच डावीकडे मारत असेल तर ती तक्रारच नव्हे. दुर्बिणीवरची चकती फिरवायची, की काम झालं. बहुतेक दुर्बिणींत एका ‘क्लिक’ला 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकतं. खरा छळ करते ती लहरी रायफल. सकाळी पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातात, दुपारी त्याच पाच वाटीभर पसरतात. नवखा माणूस अशा वेळी पुन्हा चकतीच पिरगाळत बसतो. भटकणाऱ्या चुकीच्या मागे चकती फिरवत गेलं की चूक एकाची दोन होते.

गोळी जाते नळी दाखवेल तिकडे, डोळा पाहतो दुर्बीण दाखवेल तिकडे. या दोन वेगळ्या वस्तू आहेत, चार स्क्रूंनी एकत्र नांदवलेल्या. दुर्बीण नळीच्या वर साधारण 4 सेंटिमीटर असते आणि तिची नजर सरळ जाते. गोळी मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून पडायला लागते. पॉइंट टू-टूची हळू जातीची गोळी सेकंदाला साधारण 330 मीटर वेगाने निघते आणि 100 मीटर जाईपर्यंत जवळजवळ अर्धा मीटर खाली येते. म्हणून नळी मुळातच किंचित वर रोखलेली असते. आता हीच रायफल हातात तीन अंशांनी एका अंगाला कलली, तर ते ‘वर’ थोडं ‘बाजूला’ होतं आणि गोळी अडीच सेंटिमीटर हटते. तीन अंशांचा कल पकडून बसलेल्या माणसाला जाणवतही नाही.

मग पॅरॅलॅक्स. एसटीच्या पुढच्या बाकावरून ड्रायव्हरसमोरचा वेगाचा काटा पाहिला तर आकडा वेगळा दिसतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नाहीत. दुर्बिणीतही लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एका पातळीत आल्या नाहीत, तर डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकते. शिकारी दुर्बिणी बहुधा 100 मीटरच्या आसपासच्या अंतराला जुळवलेल्या असतात. तसली 40 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण एअर रायफलवर चढवून 25 मीटरवर मारलं आणि डोळा भिंगाच्या अगदी कडेला गेला, तर चूक दीड सेंटिमीटरपर्यंत जाते. रायफल निर्दोष, गोळी निर्दोष. गाल दस्त्यावर दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, एवढंच. तपासायची रीत सुंदर आहे: रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात लावू नका, आणि नुसतं डोकं वरखाली करत पाहा. फुली पोहायला लागली की चोर सापडला.

दुर्बिणीत फुली बसवण्याची कल्पना मात्र बंदुकवाल्यांची नाही, आकाशाकडे पाहणाऱ्यांची. 1640 च्या सुमारास विल्यम गॅसकॉइन या इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळं विणलं आणि तो धागा प्रतिमेइतकाच लख्ख दिसला, अशी हकीकत आहे. पुढे मोजणीच्या यंत्रांत खरोखरच कोळ्याचे तंतू लावत.

अशा यंत्रांची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याच मुलखात झाली. आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की पैनगंगा ओलांडून पांढरकवडा येतं आणि पुढे हिंगणघाट. तिथे 20 जानेवारी 1823 रोजी विल्यम लॅम्बटन वारला. मद्रासेजवळ 1802 मध्ये त्याने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला होता, आणि 78 व्या रेखांशाच्या आसपासची तिची मुख्य साखळी आदिलाबादच्या पश्चिमेकडून वऱ्हाडात चढते. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, अर्ध्या टनाचा. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आपटला आणि कोन मोजायचं 36 इंची वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने सहा आठवडे स्वतःला कोंडून घेऊन ते पुन्हा गोलावर आणलं. मोजणीदारांचा पुढचा शहाणपणा मला अधिक भावतो: वर्तुळ कुठेही पूर्ण निर्दोष नसतं हे गृहीत धरून एकच कोन ते वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा वाचत आणि सरासरी घेत.

त्यांना छळणारी दुसरी गोष्ट आजही आदिलाबादच्या कापसाच्या रानात चैत्र-वैशाखात कुणालाही पाहता येते. काळी जमीन तापते, तिला टेकलेली हवा विरळ होते, आणि प्रकाश सरळ येण्याऐवजी वर वाकत येतो. लांबची वस्तू आहे त्यापेक्षा किंचित खाली दिसते, शिवाय थरथरते. रात्री उलटं होतं: जमिनीलगतची हवा थंड, प्रकाश खाली वाकतो, आणि दिवसा क्षितिजाआड असलेली खूण वर येते. लॅम्बटनच्या पश्चात मोजणी पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने याचाच फायदा घेतला आणि रात्री दिवे लावून वेध घेतले. रायफलीच्या 100 मीटरांत ही उचल किरकोळ असते, पण दुपारची थरथर नेमकं कशावर रोखायचं हेच कळू देत नाही. भरीला, दहावीस गोळ्यांनी तापलेली नळी स्वतःचा वाफारा दुर्बिणीच्या तोंडासमोरच सोडते. त्यावर नेमबाज नळीवरून एक लांब पट्टी ताणून बांधतात. ऊन हवा बाजूने निघून जाते. इतका स्वस्त इलाज दुसरा नसेल.

राहिली दारू. एकाच डबीतल्या दोन काडतुसांच्या वेगात तीन टक्के फरक पडला तर 100 मीटरवर एक गोळी दुसरीहून सुमारे 3 सेंटिमीटर खाली लागते. त्यामुळे भोकं उभ्या रेषेत पसरली तर आधी काडतुसांवर संशय घ्यावा, आडवी पसरली तर वाऱ्यावर. दोन वेगळे पुंजके पडले, तर पुन्हा स्क्रू.

पण पसरलं म्हणजे किती, हे तरी ठरवलेलं हवं. तीन गोळ्यांचा ग्रुप पाहून रायफलीचं कौतुक करणं ही सार्वत्रिक खोड आहे. तीच रायफल, काहीही न बिघडता, दहा गोळ्यांत सरासरी दीडपटीहून अधिक पसरते, कारण जास्त गोळ्यांत एखादी दूरची येणारच. सकाळच्या तीन आणि दुपारच्या दहा शेजारी ठेवून ‘बिघडली’ म्हणणाऱ्याची रायफल ठणठणीतही असेल. म्हणून दोन्ही वेळी सारख्याच गोळ्या माराव्यात, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून करावी. पेचकस आधी, नवी दुर्बीण शेवटी. मी पाहतो ते बहुधा उलट्या क्रमाने.

दुर्बीण हा एक संशयित कमी केला तर? ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात ती चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे कडी, आणि 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला याच अंतरावर जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं.

या पातळीचे नेमबाज काडतुसं निवडताना माणूसही वगळतात. कारखान्याच्या चाचणीगृहात रायफल शिकंज्यात आवळतात आणि एकाच छापाच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं झाडून पाहतात. डोळा नाही, गाल नाही, श्वास नाही, वारा नाही. तरी एका लॉटची भोकं एकावर एक पडतात आणि शेजारच्या लॉटची फुलतात. दुसऱ्या रायफलीला नेमका तो दुसराच लॉट मानवतो. असं का, याचं संपूर्ण गणित आधी मांडता येत नाही, झाडूनच पाहावं लागतं. एकदा जुळलं की मग तो लॉट परवडेल तेवढा विकत घेऊन ठेवतात.