पानिपतची थंडी आणि उपाशी शरीर

१४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, मराठी फौज पानिपतच्या मैदानात लढायला निघाली ती अडीच महिन्यांचा हिवाळा तळावर काढून. मार्च १७६० मध्ये परतूरहून कूच झाले तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. ऑक्टोबरअखेर अफगाण बादशहा अब्दाली यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवून बसला. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाणागोटा आटला.

इकडे महाराष्ट्रात, श्रीगोंदे तालुक्यात, काष्टीच्या शिवारातही पौषात पहाटे हुडहुडी भरते. पण नऊ-दहा वाजता ऊन पाठ शेकते. पानिपतला दाट धुके कधी दुपारपर्यंत हटत नाही, रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर गारठलेल्या अंगाला दिवसाही ऊब मिळत नाही, हा खरा फरक.

माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. ते उतरू लागले की स्नायू कुडकुडतात आणि उष्णता तयार करतात. त्यासाठी लागणारे इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर. पोटात काही नसेल तर यकृतातला साठा एक-दीड दिवसात संपतो. मग चरबी जळते, पाठोपाठ स्नायूही झिजतात. म्हणजे उष्णता राखणारे पांघरूण आणि उष्णता देणारी शेगडी, दोन्ही जातात. आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की विचार मंदावतो. बोटे त्याच्या कितीतरी आधी बधिर होतात, कारण शरीर हातापायांचे रक्त आखडून काळीज सांभाळते. भाला पेलणाऱ्याला आणि लगाम धरणाऱ्याला हे फार महाग पडते. पानिपतच्या पराभवाची चर्चा डावपेचांभोवती फिरते, तिथे हा हिशेबही मांडायला हवा.

थंडी फौजेचे काय करते, हे पुढे युरोपातही दिसले. ८ फेब्रुवारी १८०७ रोजी पूर्व प्रशियातल्या आयलाउजवळ नेपोलियनची फौज हिमवादळात रशियनांशी भिडली. हजारो माणसे पडली. तिथे शल्यवैद्य लारे यांना दिसले की सैनिकांचे पाय सडू लागले ते कडाका ओसरल्यावर, शेकोटीशी शेकल्यानंतर. पानिपतला पाणी गोठवणारी थंडी नव्हती. उपाशी माणसाला त्याहून सौम्य थंडीही पुरते.

पानिपतच्या लढाईच्या रात्री अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत होता. तेवढ्या चांदण्यात पळणाऱ्यांचा पाठलाग झाला. श्रीगोंद्यात ज्यांचा वाडा आहे त्या महादजी शिंद्यांच्या पायावर घाव बसला. राणेखान भिश्त्याने त्यांना वाचवले. पाय कायमचा अधू राहिला. त्याच महादजींनी १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या ताब्यात आणली.