खुबा मजबूत, तर पाऊल स्थिर

वय झाले की माणूस भिंत धरून चालू लागतो, शौचालयाला जाताना सोबत मागतो. आपण म्हणतो, गुडघे गेले. पण पुष्कळदा अशक्तपणा खुब्यातही असतो.

मांडीचे हाड कमरेला जिथे जोडलेले असते, तो सांधा म्हणजे खुबा. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो. तेव्हा कंबर कलू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते कमजोर झाले की चाल डुलते, गटार ओलांडताना तोल जातो. पडण्याच्या भीतीने म्हातारी माणसे बसून राहतात आणि बसून राहिल्याने ताकद आणखी घटते. मात्र सत्तरी-ऐंशीतही व्यायामाने स्नायूंची ताकद वाढते. त्यासाठी पैसा लागत नाही, दहा बाय दहाची खोलीही पुरते.

१) उठ-बस : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची सरकते. शक्यतो हातांचा आधार न घेता सावकाश उठा, सावकाश बसा.

२) पाय बाजूला : ओटा किंवा खिडकीचे गज धरून ताठ उभे राहा. एक पाय वीतभर बाजूला न्या, पंजा समोरच ठेवा, अंग झुकवू नका. हळू परत आणा.

३) पाय मागे : तसाच आधार धरून, गुडघा न वाकवता पाय थोडा मागे न्या. पुढे वाकू नका.

४) कंबर उचलणे : पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळवे टेकवा. कंबर थोडी उचलून ३ ते ५ सेकंद धरा. जमिनीवरून उठणे जड जात असेल, तर पलंगावर करा.

प्रत्येक व्यायाम ८ ते १० वेळा करा, दुसरा व तिसरा दोन्ही पायांनी. श्वास रोखू नये म्हणून मोठ्याने मोजा. नातवंडांनी मोजले तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस ताकदीचे व तोलाचे व्यायाम करण्यास सांगते. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून आठवडाभरात सोडून देऊ नका.

खुब्याचे ऑपरेशन झाले असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा खुब्यात कळ आली, तर थांबा.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आजी-आजोबा पडले आणि पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी चोळू नका, मालीशवाल्याला बोलावू नका, चालवूनही पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.